पाखराच्या पायातील चिठ्ठी

डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) हे जगप्रसिद्ध भारतीय पक्षितज्ज्ञ होते. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. पण पक्ष्यांविषयी त्यांनी लिहिलेले ग्रंथ आज विद्यापीठांत अभ्यासले जातात. वस्तुसंग्रहालयातील मेलेल्या पाखरापासून सुरू झालेला त्यांचा प्रवास रानातील जिवंत पाखरापर्यंत कसा पोहोचला, हे या पाठात सांगितले आहे.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली किंवा कल्याणहून लोकलने निघावे, शेवटच्या स्टेशनवर उतरावे आणि फोर्टमधून चालत जावे. मोठ्या घुमटाची ती भव्य इमारत लांबूनच दिसते. पूर्वी तिचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. आत निसर्ग-इतिहासाचा एक विभाग आहे. तेथे काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले पशुपक्षी मांडून ठेवले आहेत.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२६ साली, या विभागात तीस वर्षांचा एक सडपातळ माणूस नोकरीस होता. संग्रहालय पाहायला येणाऱ्या लोकांना तो पशुपक्ष्यांची माहिती सांगत असे. कपाटातील पक्षी हलत नव्हते, बोलत नव्हते. पण त्यांच्याविषयी तो असे काही सांगे, की ते जिवंत वाटू लागत. हा माणूस म्हणजे सलीम अली.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. सलीम एक वर्षाचा असताना वडील वारले. तीन वर्षांचा झाला तेव्हा आईही गेली. पोरक्या झालेल्या या भावंडांना त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या मुलांना आईबापांची माया दिली. गिरगावातील खेतवाडीत त्यांचे घर होते. घर माणसांनी भरलेले असे.

सुट्टीत सगळे कुटुंब चेंबूरला जाई. आज चेंबूरला दाट वस्ती आहे. त्या काळी तेथे झाडी होती, टेकड्या होत्या आणि रात्री कोल्हेकुई ऐकू येई. चेंबूर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि ते त्यात गेले. रानात भटकण्याची आवड छोट्या सलीमला अशा ठिकाणी लागली.

त्या काळी शिकार करणे हा मोठ्या घरांतील शौक होता. सलीमलाही छऱ्याची बंदूक मिळाली होती. तो चिमण्या मारी. यात काही चुकते आहे, असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. पण या मुलाची एक सवय वेगळी होती. जे पाहिले ते तो वहीत लिहून ठेवी. एकदा त्याने एका भोकातील घरट्याजवळ बसलेला चिमणा मारला. आत चिमणी अंडी उबवत होती. थोड्या वेळाने तेथे दुसरा चिमणा येऊन बसला. सलीमने त्यालाही मारले. मग तिसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ चिमणे मारले आणि प्रत्येक वेळी नवा चिमणा पहारा करायला हजर झाला. ही हकिकत त्याने लिहून ठेवली. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. हे वाचताना आपल्याला वाईट वाटते. पण त्याच वहीतून पुढचा शास्त्रज्ञ घडला, हेही खरे आहे.

मग एक दिवस एक वेगळीच चिमणी त्याच्या हाती आली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, जणू रश्शाचा डाग पडावा तसा. हे पाखरू खायला चालेल की नाही, ते हलाल आहे की नाही, अशी शंका सलीमच्या मनात आली. तो मामांकडे गेला. मामा स्वतः शिकारी होते. पण असली चिमणी त्यांनीही कधी निरखून पाहिली नव्हती. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या संस्थेचे सभासद होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था पशू, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. सोसायटीचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्या नावे मामांनी चिठ्ठी दिली आणि सलीमला तिकडे पाठवले.

चिमणी कागदाच्या पुडीत गुंडाळून सलीम अपोलो स्ट्रीटवरील कचेरीत गेला. साहेबासमोर उभे राहायचे, म्हणून तो भेदरला होता. मिलार्ड यांनी पुडी उघडली आणि पक्षी लगेच ओळखला. ती पिवळ्या कंठाची रानचिमणी होती. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. प्रत्येक खणात पक्षी ओळीने ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पायाला एक लहानशी चिठ्ठी बांधलेली होती. ओळखीच्या चिमणीसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत इतके प्रकार असतात, हे सलीमने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

संग्रहातील पक्षी कसा तयार करतात, हेही तो तेथे शिकू लागला. मेलेल्या पक्ष्याची कातडी पिसांसह अलगद सोडवायची. कीड लागू नये म्हणून आतून औषध लावायचे. मग कापूस भरून पक्षी पुन्हा शिवायचा. शेवटी पायाला चिठ्ठी बांधायची. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, नर होता की मादी आणि कोणी मिळवला, हे त्या चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी म्हणजे नुसती पिसांची बाहुली. चिठ्ठी असेल तर तो पुरावा ठरतो. पन्नास, शंभर वर्षांनंतरही कोणी तो खण उघडून त्या पाखराला नवा प्रश्न विचारू शकतो. तेव्हा चिठ्ठीवरचे प्रत्येक अक्षर खरे असावे लागते. सलीमने हा धडा जन्मभर लक्षात ठेवला.

शाळेत मात्र सलीम फार चमकला नाही. गणित त्याला जमत नसे. तेराव्या वर्षापासून त्याला डोकेदुखीचा त्रास सुरू झाला आणि शाळा वरचेवर बुडू लागली. हवा बदलण्यासाठी त्याला सिंध प्रांतात नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी शिक्षण सोडले.

घरच्यांचा ब्रह्मदेशात खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. सलीम अली तेथे गेले. धंद्यात त्यांचे मन रमले नाही. पण भोवतालच्या घनदाट जंगलात खूप रमले. १९१७ साली ते मुंबईस परतले आणि हिशेब व व्यापारी कायदा शिकू लागले. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी आवड ओळखली. त्यांनी त्याला प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. मग सलीम अली एका कॉलेजात हिशेब आणि दुसऱ्या कॉलेजात प्राणिशास्त्र, असे दोन्ही शिकले. १९१८ साली त्यांचा तेहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला.

आता प्रश्न पोटापाण्याचा होता. भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती. सलीम अलींना ती हवी होती. पण त्यांच्याजवळ पदवी नव्हती आणि ती जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग-इतिहास विभागात त्यांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये होता. त्या काळात ही रक्कम चांगली होती.

दोन वर्षे त्यांनी हे काम केले. पण जे ठाऊक होते तेच रोज सांगून त्यांचे समाधान होईना. आपले ज्ञान अपुरे आहे, असे त्यांना वाटू लागले. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे मोठे पक्षितज्ज्ञ काम करत होते. त्यांनी सलीम अलींना शिष्य म्हणून स्वीकारले. सलीम अली पुढे जन्मभर त्यांना गुरू मानत. बर्लिनला ते दोन गोष्टी शिकले. खणातील पक्षी बारकाईने कसा तपासावा, ही पहिली. पक्ष्याचा रंग आणि माप एवढ्यावर न थांबता तो जगतो कसा, हे पाहावे, ही दुसरी. हेल्गोलँड नावाच्या बेटावर त्यांनी आणखी एक नवी गोष्ट पाहिली. तेथे पक्षी जिवंत पकडत, पायात धातूचे लहान कडे घालत आणि पुन्हा सोडून देत.

१९३० साली ते मायदेशी परतले. पण येथे वाईट बातमी त्यांची वाट पाहत होती. पैशांच्या अडचणीमुळे संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झाली होती. पदरात पत्नी, हातात परदेशातील शिक्षण आणि नोकरी मात्र नाही! दुसरा कोणी असता तर पुन्हा हिशेबाच्या वह्यांकडे वळला असता. शहरात राहण्याचा खर्च परवडणारा नव्हता. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेली. किहीम तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याला आज आपण रायगड म्हणतो.

घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा आला तशी त्यांची घरटी विणणे सुरू झाले. सलीम अलींजवळ वेळच वेळ होता. ते तासन्‌तास बसून या पाखरांकडे पाहत आणि जे दिसेल ते टिपून ठेवत. महिनाभरात त्यांना एक गंमत कळली. या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो. पण घरटे विणतो तो नर! तो घरटे अर्धे विणून ठेवतो. मग माद्या येतात, आत शिरतात, तपासतात आणि पसंत पडले नाही तर निघून जातात. एखादीला घर पसंत पडले की नर ते पूर्ण करतो. मादी अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या लगेच दुसरे घर विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. अशी एकामागून एक त्याची अनेक घरे होतात.

सुगरण पक्षी कोणी पाहिला नव्हता? विहिरीकाठच्या झाडाला लटकलेली घरटी खेड्यातील प्रत्येक मुलाच्या ओळखीची होती. पण इतक्या धीराने, इतके दिवस, दर तासाची नोंद ठेवून कोणी पाहिले नव्हते. सलीम अलींचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षितज्ज्ञांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हा शोध कदाचित लागलाही नसता.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे. ह्यू व्हिसलर हे भारतीय पक्ष्यांचे नामवंत इंग्रज अभ्यासक होते. भृंगराज नावाच्या काळ्या पक्ष्याच्या शेपटीत दोन लांब पिसे असतात. त्यांच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो. या पिसाच्या आतल्या बाजूला तंतू नसतात, असे व्हिसलर यांनी एका लेखात लिहिले होते. जुन्या ग्रंथांतही तसेच छापलेले होते. सलीम अलींनी ही चूक दाखवून दिली. पिसाची दांडी पीळ खाल्लेली असते, म्हणून पाहणाऱ्याला बाजू उलटी वाटते, असे त्यांनी कळवले. एका अनोळखी भारतीय माणसाने आपली चूक काढावी, याचा व्हिसलर यांना आधी राग आला. पण ते खरे अभ्यासक होते. त्यांनी आपल्या संग्रहातील भृंगराज पुन्हा काढून तपासले आणि चूक मान्य केली. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. खणातील पाखराने न्याय दिला, तो असा.

यानंतर सलीम अलींनी एक धाडसी मार्ग निवडला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी तोवर नीट झालेली नव्हती. मोहिमेचा खर्च मिळाला तर आपण पगार न घेता हे काम करू, असे त्यांनी कळवले. १९३१ सालापासून अशा पाहण्या सुरू झाल्या. कधी बैलगाडीने, कधी पायी प्रवास. तंबूत मुक्काम. पहाटे उठून रान धुंडायचे, दुपारी पक्षी सोलून भरायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात चिठ्ठ्या आणि वह्या लिहायच्या. तेहमीना बेगम इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या. पण या कष्टाच्या प्रवासात त्या पतीबरोबर आनंदाने हिंडल्या.

ठाण्याचे पक्षीही यातून सुटले नाहीत. हुमायून अब्दुलअली या तरुण अभ्यासकाबरोबर सलीम अलींनी मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची माहिती लिहिली. १९३६ सालापासून ती सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने प्रसिद्ध झाली. साष्टी हे मोठे बेट आहे आणि ठाणे शहर याच बेटाच्या ईशान्य टोकाला वसले आहे. या हुमायून अब्दुलअलींनीच पुढे सोसायटीच्या संग्रहातील हजारो पक्ष्यांची तपशीलवार यादी तयार केली.

१९३९ साली सलीम अलींवर मोठा आघात झाला. एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमीना बेगम वारल्या. सलीम अली एकाकी झाले. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले. लहानपणी मामांनी आधार दिला होता, आता बहिणीने दिला. दुःखातून ते सावरले ते कामामुळेच. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्रे आणि सोपी भाषा यांमुळे सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात होते.

एवढे गंभीर काम करणारा माणूस मनाने मात्र तरुण होता. मोटारसायकलचे त्यांना भारी वेड. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपली मोटारसायकल बोटीवर चढवून सलीम अली युरोपला गेले आणि तिच्यावरूनच परिषदेला पोहोचले.

चिठ्ठीवरचे अक्षर खरे नसेल तर काय होते, याचेही एक उदाहरण पाहू. १९३७ साली सलीम अली अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. बरोबर मायनर्ट्‌झहागेन नावाचे इंग्रज लष्करी अधिकारी होते. पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचा मोठा दबदबा होता. दोघांच्याही मृत्यूनंतर, १९९० च्या दशकात, एक धक्कादायक गोष्ट उघड झाली. या अधिकाऱ्याने संग्रहालयांतून पक्षी चोरले होते आणि त्यांना स्वतःच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्यांत रानपिंगळा हा दुर्मीळ लहान घुबडही होता. १८८४ नंतर रानपिंगळा खात्रीने कोणाला दिसला नव्हता. खोट्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील एका ठिकाणाचे नाव होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यासह ही लबाडी शोधून काढली. मग तिने जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. त्यांवर खानदेशाचे नाव होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. आणि २०१४ साली तो कोठे दिसला, ठाऊक आहे? आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात! कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल ज्या आटगाव स्टेशनवर थांबते, तेथून हे रान जवळच आहे.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पक्ष्यांवर एवढे प्रेम करणाऱ्या माणसाने इतके पक्षी का मारले? सलीम अलींनी ही गोष्ट कधी लपवली नाही. त्या काळी चांगल्या दुर्बिणी आणि कॅमेरे सहज मिळत नव्हते. कोणता पक्षी कोठे राहतो, हे सिद्ध करायला हाती नमुना असावा लागे. पण केवळ मौजेसाठी होणारी हत्या त्यांना मान्य नव्हती. जसजशी जंगले तुटू लागली, पाणथळ जागा बुजू लागल्या, तसतसे पक्षी वाचवणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. राजस्थानातील भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य टिकावे म्हणून ते झटले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार होते. ते वाचवा, असे सांगणाऱ्यांत सलीम अली पुढे होते. अखेर तो प्रकल्प रद्द झाला.

१९६० च्या सुमारास सोसायटीने त्यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्षी जाळ्यात अलगद धरायचा, त्याचे वजन आणि माप घ्यायचे, पायात हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीचा पत्ता कोरलेला असे. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे दूर सायबेरियात मिळाली. पाहुणे पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, हे अशा रीतीने कळू लागले. लहानपणी सलीमने मेलेल्या पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधायला शिकून घेतले होते. आता तीच चिठ्ठी जिवंत पाखराच्या पायात बसून आकाशात उडू लागली.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब दिले. पदवी नसलेल्या या माणसाला अलीगढ मुस्लिम विद्यापीठासह अनेक विद्यापीठांनी डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले. एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराची मोठी रक्कम मिळाली, तेव्हा तीही त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली.

एक सन्मान मात्र गमतीचा होता. १९४८ साली दक्षिणेतील डोंगरात एक वटवाघूळ मिळाले होते. साधेसुधे समजून ते सोसायटीच्या खणात ठेवले गेले. बावीस वर्षे कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. १९७० साली थायलंडचे अभ्यासक थोंगलोंग्या यांनी तो खण उघडला. दात आणि कवटी तपासताच, हा प्राणी शास्त्राला ठाऊकच नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. १९७२ साली त्यांनी त्याला सलीम अलींचे नाव दिले. पक्षितज्ज्ञाचे नाव वटवाघळाला!

२० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही एक चिमणीच आहे.

ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास हजारो रोहित पक्षी उतरतात. त्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तेथील सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर ठिकाण कळवणारी लहान यंत्रे बसवली. त्यांपैकी एकाचे नाव ठेवले हुमायून आणि एकाचे सलीम. हुमायून खाडीवरून उडून गुजरातेत गेल्याचे त्या यंत्रामुळे कळले.

तुमच्या खिडकीत, शाळेच्या कौलांवर किंवा उल्हास नदीच्या काठी एखादा अनोळखी पक्षी दिसला, तर त्याला दगड मारू नका. वही काढा. तारीख, वेळ आणि जागा लिहा. त्याचा रंग कोणता, तो काय खातो, काय करतो, तेही लिहा. जे दिसले तेवढेच लिहा. आणि नाव माहीत नसेल तर कोणाला तरी विचारायला जा. दहा वर्षांच्या सलीमने एवढेच केले होते.

शब्दार्थ

पोरका – आईबाप नसलेला
चिटणीस – संस्थेचा कारभार पाहणारा, सेक्रेटरी
खण – कपाटातील कप्पा
नमुना – अभ्यासासाठी ठेवलेली वस्तू किंवा प्राणी
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, त्रैमासिक वगैरे
मायदेश – आपला देश, वतन
आघात – मोठा धक्का, सदमा
दबदबा – वजन, धाक
लबाडी – फसवणूक
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी जमीन

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सलीमला मामांनी मिलार्ड साहेबांकडे का पाठवले?
(आ) संग्रहातील पक्ष्याच्या पायाच्या चिठ्ठीवर काय लिहितात?
(इ) सलीम अली किहीमला राहायला का गेले?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सुगरण पक्ष्याविषयी सलीम अलींना काय कळले?
(आ) खोट्या चिठ्ठीमुळे कोणते नुकसान होते? रानपिंगळ्याच्या उदाहरणाने सांगा.

३. वाक्यात उपयोग करा : भेदरणे, मन रमणे, चूक मान्य करणे, झटणे.

४. लिंग बदला : चिमणा, मामा, शिष्य, अभ्यासक.

५. आपल्या घराजवळ दिसणाऱ्या एका पक्ष्याचे सात दिवस निरीक्षण करा. रोजची नोंद वहीत ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.